लव्हॉन गायची तेव्हा

लव्हॉन प्रुइट गायला लागली की आर्कान्सातल्या आमच्या गावचे म्हातारेसुद्धा टेबलावर बोटं वाजवायचे. तिचा भाऊ ड्यूएल गिटार वाजवायचा आणि मी, हॉइट, माझ्याहून उंच असा, जाड तारांचा उभा बास. ड्रम नव्हताच. मीच तारा ओढून लाकडावर आपटायचो, तोच ताल.

१९५६च्या उन्हाळ्यात रेडिओ स्टेशनच्या मागच्या खोलीत आम्ही एक गाणं रेकॉर्ड केलं. लव्हॉन तेव्हा एकोणीसची. "पुन्हा घ्यायचं का?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"कशाला? याहून चांगलं आलं तर माझा मलाच हेवा वाटेल," ती म्हणाली.

रेकॉर्ड दोन महिने आसपासच्या हॉटेलांत वाजली आणि लोक विसरले. त्याच हिवाळ्यात लव्हॉनने अर्लिस नावाच्या पाद्र्याशी लग्न केलं. त्याच्या लेखी आमचं गाणं सैतानाचं. तिने गाणं सोडलं. मी कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला लागलो. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सत्तावीस वर्षांनी स्वीडनहून पत्र आलं. आमची ती जुनी रेकॉर्ड तिथं कुणाच्या तरी हाती लागली होती. तिथली पोरं आमच्या गाण्यावर नाचतात, तुम्ही या, असं लिहिलं होतं. मी तडक लव्हॉनकडे गेलो. ती अंगणात चादरी वाळत घालत होती.

"खरंच नाचतात?"

"लिहिलंय तरी तसं."

"बिचाऱ्यांना दुसरं काही मिळालं नाही वाटतं." ती हसली, मग चादरीची सुरकुती उगाच ताणत राहिली. "ड्यूएल गेला. अर्लिस अंथरुणाला खिळलाय. मी कुठली येते, हॉइट? तू जा."

मी गेलो. तिथल्या एका मुलीने लव्हॉनचं गाणं म्हटलं. समोरच्या सगळ्या पोरांना शब्द पाठ होते. बोटं फुटेस्तोवर मी वाजवलं, पण नजर सारखी डावीकडे जायची. लव्हॉन तिथं उभी राहायची.

परत आलो तो त्या कार्यक्रमाची टेप घेऊनच. अर्लिसला ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही तिच्या दारात माझ्या गाडीत काचा वर करून बसलो.

"घाई करते पोरगी," लव्हॉन पुटपुटली.

टेपवरचं गाणं संपलं, पण सोबत गुणगुणणारी लव्हॉन थांबली नाही. रेकॉर्डवर मावेना म्हणून साहेबांनी एक कडवं कापलं होतं, ते ती म्हणू लागली. आवाज खाली उतरला होता, थोडा चिरकाही झाला होता. मी स्टिअरिंगवर ताल धरला. तेवढ्यात घरातून अर्लिसच्या उशाशी ठेवलेली घंटा वाजली आणि ती ओळ अर्धी टाकून उतरली.

"टेप राहू दे तुला," मी म्हणालो.

"नको. एकटीने ऐकून काय करू?" दार लावता लावता ती म्हणाली, "गुरुवारी नर्स येते त्याच्याजवळ. तेव्हा ये."

अकरा वर्षं मी दर गुरुवारी गेलो. कधी टेप लावायचो, कधी नुसतेच बसायचो.