प्रश्न सातवा

टेबलावर चौदा फॉर्म होते, दोन गल्ल्यांचा हाताने काढलेला एक नकाशा, एक पट्टी, एक तांबडी पेन्सिल आणि घशाच्या गोळ्यांचं एक पाकीट. पाकिटात तीन गोळ्या उरल्या होत्या. फॉर्म नऊ घरांतले होते. डांग्या खोकल्याचे.

डॉक्टर मॅडम पेन्सिलीने बाण काढत होत्या. आजारी माणूस म्हणजे एक गोल. ज्याच्याकडून आजार आला त्याच्यापासून ज्याला झाला त्याच्याकडे बाण. प्रत्येक गोलातून किती बाण निघतात ते मोजायचं आणि सरासरी काढायची. साथ वाढतेय की विझतेय, ते त्या आकड्यावरून कळतं.

"आठ बाण जुळले, ताई," मॅडम म्हणाल्या. "कोणाला भावाकडून, कोणाला आजीकडून. हे सहा मात्र अधांतरी आहेत. सहा वेगळी घरं, आणि सगळ्यांचा खोकला नऊ ते बारा तारखेच्या आत सुरू. कुठेतरी एकत्र जमले होते का?"

"नाही. विचारलंय मी."

"शाळा? पाण्याचा नळ?"

"त्यात एक आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत. आणि एक पाच आठवड्यांची होती."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. अकराव्या क्रमांकाचा तो फॉर्म ताईंच्या नातीचा होता. लस सहाव्या आठवड्यात देतात. चोवीस तारखेला ती गेली. त्याला आज एकोणीस दिवस झाले होते.

"हा फॉर्म मी भरायला हवा होता," मॅडम म्हणाल्या.

"भरून झालाय." ताईंनी तो सरळ करून इतरांच्या खाली ठेवला. शेवटचा रकाना होता, 'पुढे किती जणांना'. तिथे शून्य होतं.

ताई सव्वीस वर्षं घरोघरी जाऊन मोजत होत्या. ताप, जुलाब, डास, पाणी, जन्मलेली मुलं. नव्या मुलींना त्याच शिकवत. पेन दोन न्यायची. उंबऱ्यातून प्रश्न विचारायचे नाहीत, बसायचं, मग माणसं खरं बोलतात. आणि सातव्या प्रश्नाला, 'गेल्या तीन आठवड्यांत घरी बाहेरचं कोण येऊन गेलं?', लोक हटकून म्हणतात, तुम्हीच की. तेव्हा हसायचं आणि पुढे जायचं. आपण स्वतःला मोजायचं नाही.

खिळलेल्या आजोबांचा फॉर्म त्यांनी पुन्हा उचलला. सातव्या प्रश्नापुढे त्यांच्याच अक्षरात 'कोणी नाही' होतं.

"कोण येणार हो?" आजोबा म्हणाले होते. "पाहुण्यांनी आमचा पत्ता केव्हाच गाळला. तुम्ही आला होतात तेवढ्याच. पाण्याच्या पाहणीला."

"मला नका धरू, आजोबा. मी कामाची."

"अस्सं! मग बिनकामाचं कोणी नाही आलं. लिहा."

त्या हसल्या होत्या. हसताना खोकल्या होत्या. आजोबा म्हणाले होते, "माझ्यापेक्षा तुमचाच जोरात आहे की!"

ताईंनी पिशवीतून डायरी काढली. पाण्याची पाहणी एक ते तीन तारखेला होती. तेवीस घरं. सहाही घरं त्यात होती. पान मागे उलटलं. आधीच्या महिन्याच्या पंचवीस तारखेपुढे लिहिलं होतं, 'खोकला. धूळ. गोळ्या आणणे.'

त्यांनी डायरी मॅडमसमोर ठेवली आणि रक्त द्यायला प्रयोगशाळेत गेल्या.

रक्ताचा निकाल शुक्रवारी आला. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"ताई, हे सहा जण 'स्रोत अज्ञात' म्हणून जाऊ शकतात. निम्म्या अहवालांत तसंच असतं. कोणी विचारत नाही."

"सरासरी चुकेल."

"थोडीशीच."

"माझी लेक समोरच्या घराला दोष देत बसलीय," ताई म्हणाल्या. "मी आधी तिच्याकडे जाऊन येते."

लेकीचं घर दुसऱ्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. समोरासमोर दोन दारं. समोरची मुलगी तिसरीत होती. शाळेतून आली की बाळाला बघायला यायची. तिलाही खोकला झाला होता, आणि ती बरी झाली होती. बाळ गेल्यावर लेकीने ते दार वर्ज्य केलं. समोरच्या बाईंनी पाठवलेला डबा ओट्यावर तसाच पडून होता, घासलेला, रिकामा.

लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. बाळाचे नव्हते, नवऱ्याचे.

"जेवलीस?" लेकीने विचारलं.

"हो."

"मघाशी ती कार्टी जिन्यात उड्या मारत होती. काही वाटत नाही ग यांना."

"तिच्याकडून नाही झालं," ताई म्हणाल्या.

"तुला काय माहीत?"

"बाळाचा खोकला नऊ तारखेला सुरू झाला. तिचा अकराला. आजार अंगात शिरला की खोकला यायला आठवडा तरी लागतो. तिने बाळाला दिला असता, तर तिचा आधी यायला हवा होता."

"मग कोणाकडून?"

"दोघींना एकाच माणसाकडून झाला. त्यांच्याकडे दोन तारखेला मी गेले होते, पाण्याचं लिहायला. तिथून इकडे आले."

लेकीने शर्टाची बाही आत दुमडली. मग दुसरी.

"धुळीचा आहे म्हणालीस."

"मला तसंच वाटलं. आज रक्ताचा निकाल आला."

खालून भाजीवाल्याची हाक आली आणि पुढे गेली. लेकीने शर्ट ढिगावर ठेवला. ढीग सरळ केला.

"किती वेळ घेतलं होतंस तिला?"

"पाऊण तास. तू अंघोळीला गेली होतीस."

"झोपली होती का ती?"

"आधी जागी होती. मग झोपली."

लेकीने मान हलवली. मग म्हणाली, "तुझा थांबला का ग खोकला?"

"थांबला."

ती उठली. ओट्यावरचा डबा घेतला, पदराने पुसला. दार उघडून समोरच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. थोडं थांबली, मग कडी वाजवली. ताई बसल्या होत्या तिथून तिची पाठ दिसत होती. समोरचं दार उघडलं. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. ताईंनी चपला घातल्या आणि दोघींच्या बाजूने जिना उतरल्या. लेकीने वळून पाहिलं नाही.

सोमवारी त्यांनी कपाटातून एक कोरा फॉर्म काढला. मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. ताईंनी सगळे प्रश्न स्वतःला क्रमाने विचारले, एकही न गाळता. सातव्याला थोडा वेळ लागला. मग नकाशावर पंधरावा गोल काढला आणि पट्टी लावून बाण जोडले.

फॉर्म क्रमांक पंधरा. वय चोपन्न. काम: घरोघरी पाहणी. खोकला सुरू: पंचवीस तारीख. कोणाकडून: माहीत नाही. पुढे किती जणांना: सहा.