तीन सुतांचं बॉनेट

"घास त्येला!" डेल्मर ओल्टमन शेडच्या दारात उभा राहून म्हणाला. "कानस घे, जुन्या बिडाचं भोक घास, मोकळी हो. तीन सुताचा तर फरक हाय."

आल्टा ट्रॅक्टरखालून सरपटत बाहेर आली. वय अडुसष्ट, हनुवटीला ग्रीस, हातात पाना. बाहेर आयोवाचा जुलै नुसता उकडून काढत होता. मका डोक्यावर गेलेला, वारा ठार पडलेला, आणि डुकरांनीसुद्धा ओरडायचं उद्यावर टाकलेलं.

"जुन्या ट्रॅक्टरांच्या मंडळाचं कलम चार," आल्टा म्हणाली. "मूळच्या लोखंडाला कानस लागली, की ट्रॅक्टर मिरवणुकीत शेवटी. कुणी लिवलं?"

"म्या."

"मग?"

"मग घास की," डेल्मर म्हणाला आणि मनापासून हसला. आल्टाचा ट्रॅक्टर मागं गेला की जत्रेच्या मिरवणुकीत पहिला मान त्याचा होता. परवाच्या शनिवारीच.

पंचावन्न वर्षं हा मान आल्टाच्या बापाच्या ट्रॅक्टरचा. बापानं एकदा तो थेट चर्चच्या भिंतीवर नेऊन घातला होता. घंटा खाली आली, पाद्री जिन्यात अडकले. बाप एवढंच म्हणाला, "भिंत मधी आली." तेव्हापासून ट्रॅक्टरचं तोंड तीन सूत डावीकडं खाली झुकलेलं. जुनं बॉनेटही त्याच्यासोबत वाकलं आणि दोघांचं छान जमलं. पुढं त्या बॉनेटखाली कोंबड्यांनी अकरा वर्षं संसार केला आणि पत्रा कुजून पडला.

आता कारखान्यातून नवं बॉनेट आलं होतं. जुन्या नकाशाबरहुकूम, नाकासमोर सरळ. मागची चार भोकं जुळली. उजवीकडचं पुढचं जुळलं. डावीकडचं जुळेना. नकाशा काढणाऱ्याला चर्च ठाऊक नव्हतं.

"ट्रॅक्टर तरी सरळ करून घे," डेल्मर जाता जाता म्हणाला.

"माझा बाप सरळ झाला न्हाई, ट्रॅक्टर कशाला हुईल? नवं आलंय, नव्यानं वाकावं!"

तिनं शिकंजे लावून पाहिले. दोरानं खाली ओढून पाहिलं. घण उचलला, पण रंगाकडं बघून खाली ठेवला. शेवटी तिनं भावाला हाक मारली.

लव्हर्न आला. लव्हर्न आला म्हणजे शेडमधला उजेड कमी झाला. धान्याच्या काट्यावर त्याचं वजन एकशे एकोणसत्तर किलो भरलं होतं, आणि तेही टोपी काढून.

"आक्का, काय उचलायचंय?"

"काय न्हाई. बस."

बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर गोधडी, गोधडीवर फळी, फळीवर लव्हर्न. पत्रा कण्हला. सगळे बोल्ट ढिले ठेवून आल्टा भोकाला डोळा लावून बसली.

"एक सूत आलं... दोन... अडीच." ती थांबली. "अर्धं राह्यलं."

"श्वास सोडू का?"

"धर! आत घे!"

त्यानं श्वास घेतला. काही फरक पडला नाही.

"आक्का, सकाळपासून पोटात काय न्हाई."

आल्टा आत गेली आणि बटाट्याच्या सॅलडचं परातीएवढं भांडं घेऊन आली. ते मंडळाच्या जेवणासाठी केलेलं, चाळीस माणसांचं. लव्हर्ननं नकार दिला नाही. निम्म्यावर पाव सूत सरकलं. तळ दिसला तेव्हा भोकावर भोक आलं, आणि आल्टानं बोल्ट असा सारला जणू तो तिथंच जन्मला होता.

"उतरू?"

"आवळू दे."

तो उतरला. बॉनेट टण् करून वाजलं, पण जागचं हललं नाही.

शनिवारी डेल्मर बॅटरी आणि आगकाडी घेऊन आला. भोक घासून मोठं केलेलं असलं तर काडी आत जाते. त्यानं सहा बोल्टांभोवती काडी फिरवली. सहा काड्या मोडल्या. त्यानं सातवी काढली नाही.

आल्टा मिरवणुकीच्या पुढं निघाली. ट्रॅक्टर सवयीनं डावीकडं ओढत होता. चर्चपाशी पाद्री पायरीवरून उतरले आणि कुणी न सांगता रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले. आल्टानं दोन्ही हातांनी चाक धरलं, भिंतीकडं बापासारखंच बघितलं आणि चार बोटं अंतरावरून निघून गेली.

सोमवारी फाटकाशी डेल्मरची गाडी थांबली. मागं त्याच्या ट्रॅक्टरचं नवंकोरं बॉनेट दोरांनी बांधलेलं. काखेत झाकलेलं भांडं.

"लव्हर्न हाय का घरी?" त्यानं हातातल्या टोपीकडं बघत विचारलं.

आल्टानं झाकण उचललं. बोट बुडवून सॅलड चाखलं. झाकण परत ठेवलं.

"किती सूत हाय तुजं?"

"साडेतीन."

"मग माघारी जा," आल्टा म्हणाली, "अन् एवढंच आणिक घिऊन ये. मोहरी जरा जास्त घाल."