कैलासचा टँकर

आखातातल्या बुदैया गावच्या शेतावर गोड्या पाण्याचा टँकर आला की तिथे राबणारा गुंडू आधी पाणी जिभेवर घेई, मगच हौदात सोडू देई. फक्त टँकरवाल्या कैलासचं पाणी त्याने कधी चाखलं नाही. आपल्याच गावच्या माणसाची कसली परीक्षा घ्यायची?

या हिवाळ्यात मेथी करपली, वाफ्यांवर पांढरा थर चढला. गुंडूने हौदातलं पाणी तोंडात घेतलं नि थुंकलं. कैलास नव्या रस्त्यावर धूळ बसवायला मारतो, तेच खारं पाणी. गुंडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी कैलास आला. गुंडूने हौदातूनच ग्लास भरून पुढे केला.

"दमला असशील. पी."

कैलासने एका दमात ग्लास रिकामा केला. तोंड जराही वाकडं न करता म्हणाला, "गोडं तर हाय, अण्णा."