मास्क खाली करायचा नाही

आप्पा औषधांच्या कारखान्यात गोळ्या दाबणाऱ्या यंत्रावर होते. घरी त्यांचं बोलणं ऐकलं तर वाटावं, जगाची निम्मी डोकेदुखी तेच उतरवतात. "उरलेली निम्मी घरी आणता," बायको म्हणायची. हा माणूस तिथं खरोखर हात चालवतो की नुसतं तोंड, याची तिला दाट शंका होती.

निवृत्ती जवळ आली तसा आप्पांनी पणच केला. काम करतानाचा फोटो हिच्यासमोर ठेवायचा आणि एकदाची बोलती बंद करायची! लेक फोटोग्राफरच होती. घोडं अडलं परवानगीपाशी. सुरक्षा अधिकारी म्हणाले, साहेबांना विचारा. साहेब म्हणाले, गुणवत्ता विभागाच्या बाईंना विचारा. बाई म्हणाल्या, सुरक्षावाल्यांची हरकत नसेल तर माझी कसली? इतक्या प्रदक्षिणा देवाला घातल्या असत्या, तर आप्पांना जागच्या जागी मोक्ष मिळाला असता.

शेवटी बाईंनाच दया आली. "एकच फोटो. पोज द्यायची नाही, काम थांबवायचं नाही. आणि मास्क खाली करायचा नाही."

"अहो बाई, मग मी दिसणार कसा?"

"नियमात!"

लेकीनं फोटो काढला. सगळी माणसं नखशिखान्त पांढरी. उघडे काय ते डोळे, तेही चष्म्याआड.

आप्पांनी ही संधी सोडली नाही. घरी येऊन फोटोतल्या पुढच्या माणसावर बोट ठेवलं. "हा मी. यंत्रात डोकं घातलंय तो."

लेक खिडकीबाहेर बघू लागली. बायकोनं फोटो उजेडात धरला.

"हे तुम्ही नव्हे."

"मला मी कळत नाही?"

"हे तुम्ही." तिनं मागचा माणूस दाखवला. हात पाठीशी बांधून, मान तिरकी करून, तो पुढच्याच्या खांद्यावरून डोकावत होता. "मी सुईत दोरा ओवते तेव्हा अस्सेच मागं उभे असता. वर सांगता, जरा डावीकडे."

लेकीला हसू आवरेना. आप्पांचा चेहरा उतरला. "देखरेख म्हणतात त्याला," ते पुटपुटले.

"म्हणत असतील हो." तिनं फोटोवरून पदर फिरवला. "मोठा करून आण गं हा. समोरच्या भिंतीवर लावू."

"अगं, यात तोंडसुद्धा दिसत नाही माझं!"

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "असं बंद केलेलं परत कधी बघायला मिळणार?"