समुद्राला निघालेली ट्यूब

“वहिनी, समुद्राचं नंतर बघ. आधी आपल्या नदीला घाबर. वरून वीजघराचं पाणी सुटलं की ती भर उन्हात फुगते!”

सुचेतानं नणंदेचं, द्वारकाचं, हे बोलणं हसण्यावारी नेलं. मित्रांनो, मी तिथेच अंगणात टम्म फुगून पडले होते. मी ट्रकच्या चाकातली एक जुनी ट्यूब आहे.

माझी उमेदीची वर्षं खोपोलीच्या घाटात गेली. टायरच्या पोटात, काळोखात बसून मी भाताची पोती पेलली, विटा पेलल्या, एकदा तर वाजंत्र्यांसकट अख्खं वऱ्हाड पेललं. “लई गुणाची हाय रं ही,” असं ड्रायव्हर नागू म्हणायचा. पण अंगावर ठिगळांवर ठिगळं चढली, तसं त्यानंच मला खिळ्याला टांगलं. तिथून सुचेताच्या नवऱ्यानं, हेमचंद्रनं, मला भिवपुरीच्या घरी आणलं. तेही कशासाठी? अलिबागच्या समुद्रासाठी!

त्या मे महिन्यात घरात दुसरा विषयच नव्हता. किनाऱ्यावर आनंदमेळा लागणार होता. आकाशपाळणा, लाकडी घोडे, झुलती बोट! सुचेताची पाच वर्षांची हिरू माझ्यात बसूनच जेवायची. सुचेता कॉलेज शिकलेली, पण काळजी करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. भरती किती वाजता येते? पाळण्याला साखळी असते ना? मला बांधायला तिनं जाड दोरी आणली आणि पिशवीच्या तळाशी भरूनही टाकली.

निघायच्या आदल्या दिवशी नदीवर रंगीत तालीम ठरली.

“दोरी घे गं,” द्वारका म्हणाली.

“इथे कशाला? पाणी हिरूच्या गुडघ्याला लागत नाही.”

लख्ख ऊन होतं. हिरू माझ्यात बसून हातपाय मारत होती. काठावर दोघींचा वाद रंगला होता, दशम्या न्यायच्या की पुऱ्या. एवढ्यात मला खालून थंडगार धक्का बसला. ज्या दगडावर सुचेताच्या चपला होत्या, तो दगडच दिसेना. मी उचलले गेले, वाहू लागले.

“आई, समुद्र आला!” हिरूनं टाळ्या पिटल्या.

सुचेतानं साडीसकट पाण्यात उडी घेतली. इकडे माझं ठिगळ सुटलं. फुस्स! घाटात एवढे भार पेलले, आणि ही चिमुरडी पेलवते की नाही, ही धास्ती मला पडली. मऊ पडले, बुडू लागले. तोच सुचेताची बोटं माझ्या हवेच्या पितळी नळीवर आवळली. तळहात फाटला, पण तिनं सोडलं नाही. मागून द्वारकानं तिचा दंड धरला आणि आम्हाला काठावर ओढलं.

हिरू म्हणाली, “उद्यापण समुद्र असाच येणार ना?” द्वारका रडता रडता हसत सुटली.

आणि आम्ही गेलो, मित्रांनो! नवं ठिगळ लावून गेलो. हिरू आकाशपाळण्यातून उतरायलाच तयार नव्हती. लाटांवर मी नाचले, आणि दोरीचं टोक दिवसभर सुचेताच्या पट्टी बांधलेल्या मुठीत होतं.

आता मी पडवीत धूळ खात पडले आहे. रबराला भेगा गेल्यात. शेजारी कोणी सहलीची तयारी करू लागलं, की सुचेता तळहातावरचा वण चोळत एकच गोष्ट विचारते. तीच मी तुम्हाला विचारते. पिशव्या भरायच्या धांदलीत घटकाभर थांबा. तुमच्या घरातलं सगळ्यात धाकटं आत्ता कुठे आहे? नुसती हाक मारू नका. उठा, जाऊन बघून या.