हाताला बसेल असा चाकू

"हाऊ नको," पंडित म्हणाला आणि काळ्या मुठीचा चाकू त्याने काचेवर परत ठेवला. "हाऊ चाकू देखीसन पोलीस धरतीन."

बटण दाबलं की पातं खाडकन बाहेर येणारा तो चाकू दुकानदाराने हसून खाली सारला. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या चौकापासून थोडं आत असलेलं ते भांड्यांचं आणि हार्डवेअरचं दुकान. दुपारची गिऱ्हाइकं तुरळक होती, म्हणून तरुण दुकानदाराकडे वेळ होता. त्याने आणखी एक चाकू पुढे केला. पात्याला अंगठ्याने ढकलायची छोटी गोळी होती.

"काका, ये देखो. एक हाथ से खुलेगा."

पंडितने तो डाव्या हातात घेतला. उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. गेल्या वर्षी लकवा मारल्यापासून तो तसाच होता. अंगठा गोळीवरून एकदा घसरला, पुन्हा घसरला आणि मग पातं सरळ उघडलं. पंडितचा चेहरा खुलला. त्याने मागे वळून बायकोकडे, सरलाबाईकडे पाहिलं. ती कापडी पिशवी पोटाशी धरून उभी होती.

"उघडी गया," तो म्हणाला.

"आते मिटा," ती म्हणाली.

मिटायचं म्हणजे मुठीच्या आतली पट्टी अंगठ्याने बाजूला दाबायची आणि त्याच वेळी पातं आत ढकलायचं. दुकानदाराने दोन्ही हातांनी करून दाखवलं. मग एका हाताने दाखवलं. पंडितने प्रयत्न केला. पात्याचा पाठचा भाग मांडीवर टेकवून दाबून पाहिला. पातं अर्धवट वळलं आणि बोटाच्या पेरावर येऊन थांबलं. सरलाबाईच्या तोंडून "अवं माय!" निघालं. दुकानदाराने हळूच चाकू काढून घेतला.

"काका, काम क्या है चाकू का? घर में सब्जी काटनी हो तो ये ले जाओ." त्याने प्लास्टिकच्या मुठीची साधी सुरी पुढे ठेवली.

पंडितने सुरी बाजूला सारली. चाकूचं काम काय, हे हात चालत होता तोवर त्याला कुणी विचारलं नव्हतं.

शिंदखेड्याकडच्या गावातून तो सुरतेला आला तेव्हापासून कापड मार्केटमध्ये पार्सलं बांधत होता. कापडाचे ताके रचायचे, वर पोतं शिवायचं, सुतळी आवळून कापायची. त्याचा चाकू शर्टाच्या खिशात असायचा, लाकडी मुठीचा, नखाने उघडायचा. मजल्यावर कुणाचं काही अडलं की हाक यायची, "पंडितभाऊ, चाकू!" तो चाकू कुणाच्या हातात देत नसे. स्वतः उठून जायचा, कापून द्यायचा आणि पुन्हा खिशात टाकायचा. त्या हाकेची त्याला सवय झाली होती. खरं तर गोडीच लागली होती.

लकव्यानंतर लिंबायतच्या घरात बसून असताना त्याने तोच चाकू दातांनी उघडायला घेतला आणि ओठ फाडून घेतला. टाके पडले. इच्छापोरच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलाने, कुंदनने, त्याच संध्याकाळी चाकू खाडीत फेकून दिला. "आते तुम्हले कसाले पाहिजे चाकू?" एवढंच तो म्हणाला. त्यानंतर पंडितने नव्या चाकूसाठी कितीतरी वेळा विनवलं. कुंदन ऐकेना. आज कुंदन ड्युटीवर गेल्यावर सरलाबाईने भांडी घासली, हात पुसले आणि म्हणाली, "चाला. चाकू लई येऊत." तिने असं का ठरवलं हे पंडितला कळलं नव्हतं. त्याने विचारलंही नाही.

आता दुकानात उभं असताना त्याने काचेवरचे सगळे चाकू पुन्हा पाहिले. मग नखाने उघडायचा एक साधा चाकू उचलून बायकोपुढे धरला.

"कुंदननी माय, तू उघाडी देख."

सरलाबाईने हात पुढे केला नाही. पिशवीचे बंद तिने आणखी घट्ट धरले.

"मी नई," ती म्हणाली.

पंडितचा हात तसाच हवेत राहिला. ती का नाही म्हणते ते त्याला पक्कं माहीत होतं.

कुंदन रांगत होता तेव्हाची गोष्ट. सरलाबाईची आई आजारी होती आणि तिला न्यायला तिचा भाऊ भटू आला होता. संध्याकाळच्या गाडीने निघायचं होतं. आईसाठी घेतलेलं लुगडं पेटीत होतं आणि पेटीचं कुलूप अडकलं होतं. त्या दिवशी सुट्टी असल्याने पंडित नाक्यावर गेला होता, कामाचा शर्ट खुंटीला होता. सरलाबाईने खिशातून चाकू घेतला आणि कडीत घालून जोर लावला. कुलूप निघालं, पण चाकूचं टोक मोडलं.

पंडित घरी आला आणि टोक पाहून भडकला. भटूसमोर वाटेल ते बोलला. भटूने मध्ये बोलून पाहिलं, तेव्हा त्याचा पारा आणखी चढला. "इले वस्तूनी किंमत नई. कोठे जाऊ नको, घर बठ!" भटू मान खाली घालून एकटाच स्टेशनवर गेला. पंडितला वाटलं होतं, दोन दिवसांनी राग उतरला की आपणच नेऊन सोडू. त्याआधीच आई गेल्याचा निरोप आला.

मोडलेलं टोक त्याने मार्केटखालच्या धारवाल्याकडून घासून घेतलं होतं. धारवाल्याची बिडी संपायच्या आत ते काम झालं होतं. पुढे तो चाकू वर्षानुवर्षं चालला. टोक मोडलं होतं हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

सरलाबाई त्यावर कधी भांडली नाही. फक्त तिने पुन्हा त्या चाकूला हात लावला नाही. घरी साड्यांचे धागे कापायचं काम आणायची, तेही जुन्या ब्लेडने करायची. गावाहून कुणी डाळीचं गाठोडं पाठवलं तर ते तो येईपर्यंत तसंच बांधलेलं राहायचं. लोक म्हणायचे, बाई शिस्तीची आहे. पंडितही तसंच समजत राहिला, किंवा तसं समजणं त्याला सोयीचं होतं.

"मना हात ते गया," तो आता हळू आवाजात म्हणाला. "तुना हातले जो बसई, तोच लेऊत. देख ना."

दुकानदार एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता. सरलाबाईने पिशवी खाली ठेवली. हात पदराला पुसले आणि चाकू घेतला. नख खाचेत घातलं, पण पातं हललं नाही. धुणंभांडी करून तिची नखं झिजून गेली होती.

"घट शे," ती म्हणाली.

"दुसरा दिखाओ," पंडित दुकानदाराला म्हणाला. "हल्का. काकी को जमना चाहिए."

दुसराही घट्ट निघाला. तिसऱ्याची मूठ जाड होती. चौथा लहानसा होता, तपकिरी प्लास्टिकच्या मुठीचा. मार्केटमध्ये असा चाकू कुणाच्या खिशात दिसला असता तर पंडित हसला असता. सरलाबाईच्या नखाने त्याचं पातं सहज वर आलं. तिने ते मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तिसऱ्यांदा उघडताना तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हाऊच," पंडित म्हणाला. "खिसामा मी ठेवसू. उघाडशी तू."

बाहेर येऊन ते रिक्षाची वाट पाहत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. कापडाचे गठ्ठे लादलेले टेम्पो समोरून जात होते. पंडित बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "भटू तुले लेवाले उना व्हता, तव्हय..."

"ते ऱ्हाऊ द्या आते."

"मी तुले जाऊ द्याले पाहिजे व्हतं."

एक टेम्पो गेला, दुसरा गेला.

"माय इचारत व्हती म्हने," ती म्हणाली, "सुरतनी गाडी उनी का. भटूनी माले नंतर सांगं. गाडीना आवाज उना की इचारे."

सासू शेवटी गाडीची वाट पाहत होती, हे पंडितला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने सांगितलं नव्हतं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

शेजारी एक पेरूची हातगाडी येऊन थांबली. सरलाबाईने एक पिकलेला पेरू निवडून घेतला आणि चाकूसाठी त्याच्यासमोर हात धरला. पंडितने खिशातून चाकू काढून तिला दिला. तिने पातं उघडलं, पेरूच्या चार फोडी केल्या, मग त्यातल्या एकीचे अगदी बारीक तुकडे केले, कारण एका बाजूने त्याला नीट चावता येत नसे. त्याच्या तोंडाशी एकेक तुकडा नेत तिने ती फोड संपवली. उरलेल्या पिशवीत टाकल्या.

पंडितने डावा तळहात पुढे केला. चाकू खिशात ठेवायचा होता.

सरलाबाईने पातं पदराला पुसलं, मिटलं आणि चाकू आपल्या कनवटीला खोचला. एवढ्यात रिक्षा आली. पंडितचा हात अजून तसाच पसरलेला होता. त्याला उठायला आधार हवा असेल असं समजून तिने तो घट्ट धरला, आणि त्याला उभं केलं.