कजरीच्या दह्याचे मानकरी

बिलट यादवची कजरी म्हैस मेली, आणि पशुवैद्य डॉ. नीलांबर चौधरींनी सांगितलं की तिला पिसाळलेला कुत्रा चावला असणार. ही बातमी कुंपणापलीकडच्या अंगणात पोचली तेव्हा बिलटचा धाकटा भाऊ फेकन उजवा हात गमछ्यात गुंडाळून खाटेवर बसला होता. त्या हातावर कजरीच्या दाढांचे ओरखडे होते. ही गोष्ट फेकन आणि कजरी सोडून तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती, आणि त्यातली कजरी तर आता गेली होती.

हात कसा ओरबाडला हे सांगायचं, तर भावाच्या गोठ्यात गेलो होतो हेही सांगावं लागणार. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं फेकनला अगदी मनापासून वाटलं.

झालं होतं असं. वाटणीत चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आमराई फेकनला आली आणि कजरी बिलटला. ती पारडी होती तेव्हापासून फेकनने तिला पोखरीवर, गावच्या तळ्यावर, नेऊन पेंढ्याने घासून आंघोळ घातली होती. आमराईला कुणी आंघोळ घालतं का? पंचांसमोर त्याने शपथ घेतली की, बिलटच्या अंगणात पाऊल टाकलं तर मी माझ्या बापाचा नाही. सिमरटोली या त्यांच्या वस्तीत माणूस एक वेळ अंगावरचं धोतर सोडेल, पण तोंडातून गेलेली शपथ मागे घेणार नाही. पुढे बिलटच्या नातवाचं मुंडन निघालं. फेकनने त्या जेवणावळीवर, भोजावर, बहिष्कार टाकला, आणि त्याच्या बाजूच्या दहा-बारा घरांनीही मिशीला पीळ देऊन शपथा घेतल्या.

भोजाच्या दिवशी अख्खी टोली कजरीच्या दुधाचं दही आणि चुडा, म्हणजे पोहे, खायला पंगतीला बसली होती, आणि फेकन तिकडे पाठ करून आपल्या अंगणात चणे खात होता. तेवढ्यात बिलटच्या गोठ्यातून कजरीचा आवाज आला. घोगरा, बसलेला, माणसाला सर्दी व्हावी तसा. पुन्हा आला. फेकन उठला आणि बांबूच्या कुंपणातून मागच्या मागे गोठ्यात शिरला. गोठा म्हणजे काही अंगण नव्हे, असं त्याने स्वर्गवासी बापाला मनातल्या मनात समजावलं.

कजरीच्या तोंडातून लाळ गळत होती. गळ्यात आंब्याची कोय अडकली असणार, असं धरून फेकनने कोपरापर्यंत हात घातला. कोय काही सापडली नाही. मग तो तिच्या मानेला मिठी मारून थोडा रडला आणि आल्या वाटेने परतला.

आता कजरी मेल्यावर डॉक्टर म्हणाले होते एवढंच, "हिचं कच्चं दूध कुणी प्यायलं असेल तर आरोग्य केंद्रात सांगा." पोखर ओलांडेपर्यंत त्याचं झालं, 'भोजात दही खाल्लेल्या प्रत्येकाला सरकारी सुई.' आणि सकाळी आरोग्य केंद्राची सिस्टर बर्फाची पेटी घेऊन आली, तर बिलटच्या दारापासून पिंपळापर्यंत रांग. दंड उघडे, चेहऱ्यावर लग्नघरचा रुबाब.

रांगेत सगळ्यांत पुढे गेनालाल मास्तर.

"मास्तर, तुम्ही होता भोजाला?" सिस्टरने विचारलं.

"होतो म्हणजे? पहिल्याच पंगतीला! तीन वेळा दही घेतलं. विचारा की बिलटला."

बिलटने मास्तरांना आवतणच दिलं नव्हतं. पण चारचौघांत 'तुम्हाला बोलावलं नव्हतं' असं कोण म्हणणार?

"चार वेळा," बिलट म्हणाला. "मास्तर लाजून कमी सांगतायत."

मग काय, धरणच फुटलं. आवतण नसलेली सगळी माणसं दंड पुढे करू लागली. ज्याला सुई नाही त्याला त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं, असा सरळ हिशेब झाला. पलीकडच्या टोलीतला एकजण तर बायकोला सोबत घेऊन आला आणि दह्याची चव कशी होती ते रांगेला ऐकवू लागला.

फेकन कुंपणाआडून बघत होता. हात ठणकत होता. रांगेत त्याला आपल्याच पक्षाचा झिंगुर काका दिसला, तसा त्याचा संताप झाला.

"काका! तुम्ही तर शपथ घेतली होती!"

"पंगतीला बसणार नाही अशी घेतली होती," काका शांतपणे म्हणाला. "दही मी घरी मागवलं होतं."

काकाच्या मागे पदर सावरून उभी होती फेकनची बायको बुच्ची.

"तू सुद्धा?"

"नातवाचं मुंडन होतं. शपथ तुम्ही घेतलीत, पंचांनी माझं तोंड शिवलं होतं का?"

अख्ख्या टोलीत शपथ पाळणारा फेकन एकटाच, आणि मरणार होता तोही एकटाच.

इतक्यात मोटारसायकलवरून डॉ. चौधरी आले. रांग बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, हे काय चालवलंय? दही लावताना दूध उकळलं होतं ना?"

बिलटची बायको तडक बाहेर आली. "उकळलं? तांबूस होईपर्यंत आटवलं! माझ्या हातचं दही आहे, बाजारचं नव्हे."

"मग कुणालाच सुई नको! एवढं आटवल्यावर त्यात काही जिवंत राहत नाही. जा घरी."

कुणीही हललं नाही. "म्हणजे आम्ही भोजाला नव्हतो म्हणता?" मास्तर कडाडले. "गुरांच्या डॉक्टरने माणसांच्या मानपानात पडू नये!"

"अहो, औषध संपत आलंय! ज्याला खरोखर हवं त्याला काय देऊ, ताक?" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "धोका दह्याचा नाही, लाळेचा आहे. कजरी आजारी असताना तिच्या तोंडात कुणी हात घातला होता का? हाताला खरचटलं असेल तर जखमेत टोचायचं वेगळं औषध आणलंय, एकाच माणसापुरतं. हा रोग एकदा अंगात उफाळला की जगातला कुठलाही डॉक्टर काही करू शकत नाही. बोला, कोण होतं?"

रांगेतले दंड भराभर खाली आले. कुंपणाआड फेकनने तोंड उघडलं, पण पंचांच्या मिशा डोळ्यांसमोर आल्या आणि तोंड मिटलं.

"मी," बिलट म्हणाला.

त्याने बोट पुढे केलं. बोटाच्या टोकावर बारीकशी चीर होती. "माझी लेकरासारखी म्हैस. घशात काही अडकलं असेल म्हणून मीच हात घातला."

लोक हळहळले. बायकांनी डोळे पुसले. सिस्टरने ती एकुलती एक कुपी काढून सुईत औषध भरायला घेतलं. आता कुणी काही विचारणार नाही, सुटलो, असं फेकनला क्षणभर वाटलं. मग त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरण परवडलं, पण आपली जखम बिलटने स्वतःच्या नावावर मिरवायची?

कुंपण मोडूनच तो अंगणात आला.

"खोटारडा! म्हशीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात तरी असतात का रे? बोटाचं टोक कशाने चिरेल? विळीवर कापलंय ते! हात घातला की दाढा लागतात, आणि त्या लागतात इथं!" त्याने गमछा ओढून काढला. सुजलेलं मनगट सगळ्यांनी पाहिलं. "सर्दी झाल्यासारखी ओरडत होती ती, आणि तू पंगतीत दही वाढत होतास! मी गेलो होतो गोठ्यात! मी!"

बोलून झाल्यावर आपण कुठे उभे आहोत ते त्याच्या लक्षात आलं. पळायला तो वळला, पण बिलटने त्याचं कोपर घट्ट धरलं होतं.

डॉक्टरांनी त्याला चापाकलाखाली, अंगणातल्या हातपंपाखाली, बसवलं. बिलट एका हाताने पंप हाणत होता आणि दुसऱ्या हाताने भावाला धरून होता. साबणाचा फेस जखमेत झोंबला तशी फेकनने त्याला शिवी हासडली. मग सिस्टरने सुई टोचली, तेव्हा पुन्हा एक.

"खोटं तर उघडं पडलं तुझं, भैया," फेकन कण्हत म्हणाला.

"गोठ्यातून डोळे पुसत निघालास ते बघितलं होतं मी. कालपासून दोनदा तुझ्या दारी आलो, तर तू गमछ्यातला हात लपवून तोंड फिरवलंस. मी विचारलं असतं तर कबूल केलं असतंस?"

फेकनने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

बिलटने त्याचं कोपर अजून सोडलं नव्हतं.

"गाढवा," तो म्हणाला, "तू मेला असतास तर तुझ्या श्राद्धाला दही कुठून आणलं असतं मी? घरात म्हैस तरी उरलीय का?"